वाचक विचारतात: चाकं कुठे, ते आधी ठरवा

प्रश्न: ताई, मी आणि नवरा घरीच टीअरड्रॉप ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची थेंबाच्या आकाराची छोटी झोपायची खोली, बांधायला घेतोय. एकेक बाजू 4 बाय 8 फुटांच्या एकाच प्लायमधून निघेल असा नकाशा तयार आहे. आत दोघांची झोपायची जागा, मागचं झाकण उचललं की ओटा. वेल्डर म्हणतो, एक्सल (चाकांचा आस) चासीच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याच्या मधोमध लावू, म्हणजे वजन सारखं वाटलं जाईल. लावू द्यावा का?

उत्तर: नको, थांबवा त्याला. हातगाडीला त्याचं म्हणणं ठीक आहे. गाडीमागे वेगाने ओढायच्या ट्रेलरचं वजन सारखं वाटलेलं नकोच असतं, ते थोडं पुढे झुकलेलं हवं. तुमचा ओटा, शेगडी, भांडी, पाणी सगळं मागे आहे. एक्सल मधोमध आला तर ट्रेलर मागून जड होईल. असा ट्रेलर हळू चालवताना शहाण्यासारखा वागतो आणि वेग वाढला की डोलायला लागतो. मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

सामान भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी 10 ते 15 टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर यावा, असं धरून चाला. मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत बॉलवरच्या भाराची कमाल मर्यादा दिलेली असते, तिच्या वर जायचं नाही.

आता हिशोब. समजा भरलेलं वजन 400 किलो आणि बॉलपासून एक्सलचं अंतर 2500 मिमी आहे. 12 टक्के म्हणजे 48 किलो बॉलवर हवेत. त्यासाठी ट्रेलरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या 300 मिमी पुढे यायला पाहिजे. हे 300 म्हणजे 2500 चेच 12 टक्के, त्यामुळे सूत्र पाठ करायची गरज नाही. गुरुत्वमध्य शोधायला वही घ्या. चासी, भिंती, छप्पर, गादी, बॅटरी, शेगडी, प्रत्येक वस्तूचं वजन आणि तिचं बॉलपासूनचं अंतर लिहा. दोन्हींचा गुणाकार करा, सगळ्या गुणाकारांची बेरीज करा आणि तिला एकूण वजनाने भागा. येईल ते गुरुत्वमध्याचं बॉलपासूनचं अंतर, या उदाहरणात ते 2200 मिमी हवं. कंटाळवाणं काम आहे, पण एका संध्याकाळी उरकतं. 18 मिमीचा 4 बाय 8 चा प्लाय एकटाच तीसेक किलो भरतो. तो कोरून मधल्या पोकळ्यांत फोम भरला तर भिंत हलकी होते आणि आत उकाडा-थंडीही कमी जाणवते.

पाण्याची टाकी सोयीची म्हणून ओट्याखाली ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. वरच्याच उदाहरणात 40 लिटरची टाकी एक्सलच्या 800 मिमी मागे ठेवून बघा. बॉलवरचा भार 48 वरून 35 किलोवर येतो आणि एकूण वजन 440 होतं, म्हणजे टक्केवारी 8. एका टाकीने सगळा हिशोब पालटला! ती एक्सलच्या जवळ, किंचित पुढे बसवा. मग भरलेली असो की रिकामी, फारसा फरक पडणार नाही.

बस-बॉडीच्या कारखान्यात माझी नोकरी झाली. तिथली सवय सांगते: कागदावरचा आकडा खरा मानायचा, पण वजन करून बघेपर्यंतच. रबराच्या टॉर्शनचा (आतल्या रबराच्या पिळावर धक्के झेलणारा) एक्सल घेतलात तर तो बोल्टाने बसतो. त्याच्या ब्रॅकेटना पुढे-मागे जादा भोकं ठेवा, म्हणजे सरकवायला वाव राहील. पाट्यांची स्प्रिंग असेल तर तिचे हँगर (स्प्रिंग चासीला धरणारे कान) सुरुवातीला वेल्डिंगचे नुसते टाके मारून धरा. ट्रेलर भरा, सपाट जमिनीवर चाकांना अटकाव लावा, दांडा ओढायच्या उंचीवर आणा आणि बॉलच्या जागेखाली ठोकळा रचून घरातला वजनकाटा ठेवा. आकडा मनासारखा आला की मग पक्कं वेल्डिंग. वेल्डर कुरकुरेल, कुरकुरू द्या.

नोंदणी, दिवे आणि रुंदीचे नियम चासी कापायच्या आधी परिवहन कार्यालयात विचारून घ्या.

प्रश्न: ट्रेलर बांधून झाला, पण मागच्या झाकणातून पाऊस आत येतो. वर बिजागरापाशी गळतं आणि खाली झाकण बोटभर उघडंच राहतं. सिलिकॉन भरून झालं, उपयोग नाही.

उत्तर: हे दोन वेगळे आजार आहेत. वरचा सोपा आहे. सुटी बिजागरं काढून हरिकेन हिंज लावा. ॲल्युमिनियमच्या दोन लांब पट्ट्या एकमेकींत अडकून फिरतात आणि ट्रेलरच्या पूर्ण रुंदीभर बसतात, त्यामुळे पाणी वरून वाहून जातं. पट्टीखाली ब्युटाइलची (चिकट, रबरासारखी) टेप घाला. सिलिकॉन आधी पूर्ण खरवडून काढावं लागेल, त्याच्या पापुद्र्यावर ना रंग धरत ना टेप.

खालची फट हा वाकवलेल्या प्लायचा स्वभाव आहे. वाकवून ठोकलेला पातळ प्लाय मोकळा सोडला की थोडा सरळ होतो आणि झाकणाची कमान उघडते. खिट्टीने आवळून ती बसत नाही, नुसती पिळवटते. नव्याने झाकण करा. फासळ्या जाड प्लायमधून कापा, त्यांची कमान भिंतीपेक्षा सूतभर घट्ट ठेवा. मग बाहेरचा आणि आतला, दोन्ही पातळ प्लाय फासळ्यांना गोंदाने चिकटवून होईपर्यंत सगळं साच्यावरच आवळून ठेवा. दोन्हीकडून बंद झालेली पेटी आकार सोडत नाही. कडेला रबरी गॅस्केट लावाच, पण तिच्या आत एक पन्हळही ठेवा. गॅस्केट चुकवून आलेलं पाणी त्यातून खाली निघून जाईल.

प्रश्न: आकार थेंबासारखाच हवा का? चौकोनी खोका बांधायला सोपा जातो.

उत्तर: मग खोका बांधा. 1930 च्या दशकात अमेरिकेत हे ट्रेलर लोकप्रिय झाले, तेव्हा हौशी लोकांच्या मासिकांत त्यांचे नकाशे छापून येत आणि लोक घरामागे बसून ते बांधत. आकार देखणा आहे, म्हणून टिकला. इंधनाचं म्हणाल तर ट्रेलर गाडीच्या आडोशात, तिच्यापेक्षा बुटका आणि अरुंद राहतो, याचा फायदा मागच्या गोलाईपेक्षा जास्त. फक्त पुढच्या वरच्या कडेला गोलाई द्या. आणि छप्पर पूर्ण सपाट नको, पाण्याला उतार लागतोच.

प्रश्न: सकाळी भिंतींना आतून दव असतं. थंडीत खिडक्या बंदच ठेवतो. रात्री चहा आतच केला तर चालेल?

उत्तर: आत शेगडी पेटवायची नाही, चहापुरतीसुद्धा. एवढ्याशा बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठायला वेळ लागत नाही आणि त्याला वास नसतो. दव तुमच्याच श्वासाचं आहे. छतात 14 इंची झरोका बसवा, तो आणि समोरच्या बाजूची खिडकी थंडीतही दोन बोटं उघडी ठेवा. गादी उचलून खालची बाजू बघा. ओलसर असेल तर फळीवर लाकडी पट्ट्या ठोकून गादीखाली हवा खेळती करा, नाहीतर बुरशी तिथूनच सुरू होईल.