पाच वेळा ‘हे कशावरून?’

प्रश्न : ताई, मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात एका इंटर्नशिपला अप्लाय केलं होतं, तर तीन ओळींचा मेल आला, या वेळी निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा, बस्स. त्याच आठवड्यात सरांनी प्रोजेक्ट रिपोर्टचा ड्राफ्ट परत दिला, सगळा लाल शेऱ्यांनी भरलेला, एकट्या चौथ्या पानावर ‘हे कशावरून?’ असं पाच वेळा लिहिलंय. अकरा दिवस झाले, मी तो उघडलेला नाही. मैत्रिणी म्हणतात मनावर घेऊ नकोस, पण मनावर न घेणं म्हणजे नेमकं करायचं काय?

उत्तर : अगं, मनावर घे की, लागलंय तर लागलंय. फक्त तू दोन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्यायस, ते आधी सोडू.

इंटर्नशिपचा मेल परत वाच. त्यात तुझ्याबद्दल एक शब्द तरी आहे का? हान्स क्रेब्स या बायोकेमिस्टने १९३७ साली आपलं संशोधन ‘नेचर’ या सायन्स जर्नलकडे पाठवलं तेव्हा उत्तर आलं की आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरतील एवढी पत्रं (म्हणजे छोटे शोधनिबंध) आधीच पडून आहेत. म्हणजे जागा नाही, संपला विषय. त्याने तेच दुसरीकडे छापून आणलं, पेशी अन्नातून ऊर्जा कशी काढतात त्या साखळीचं ते संशोधन, आज आपण तिला क्रेब्स सायकल म्हणतो आणि १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्या नकारातून तो शिकणार काय, कपाळ? तुला वाटलं तर एका ओळीचा मेल टाकून विचार की अर्जात काय कमी पडलं, पण एकदाच, आणि उत्तर नाही आलं तर वाट बघत बसू नकोस.

सरांचे शेरे मात्र वेगळ्या जातीचे आहेत. पीटर हिग्ज या भौतिकशास्त्रज्ञाचा १९६४ चा एक पेपर परत आला, तर त्याने त्यात थोडी भर घातली, की ही थिअरी खरी असेल तर एक नवा कण दिसायला हवा, आणि मग दुसऱ्या जर्नलला पाठवला. ज्या कणासाठी, म्हणजे हिग्ज बोसॉनसाठी, जग पुढे जवळपास पन्नास वर्षं थांबलं त्याचा उल्लेख त्या वाढवलेल्या मजकुरात आहे! (तुला हरभऱ्याच्या झाडावर चढवत नाहीये हं, परत आलेलं बहुतेक लिखाण खरंच कच्चं असतं, माझंही असायचं.)

आता ‘हे कशावरून?’ बघ. ही शिवी नाहीये, साधा प्रश्न आहे. समजा तू लिहिलंयस, ‘तापमान वाढवल्यावर रिअ‍ॅक्शन मंदावली, कारण एन्झाइम निकामी झालं.’ यात मंदावली हे तू मोजलंयस, निकामी झालं हा तुझा अंदाज आहे, आणि तू दोन्ही एकाच ठसक्यात लिहून मोकळी झालीस. सरांनी पेन टेकवलंय ते त्या ‘कारण’वर. मग एकतर संदर्भ दे, नाहीतर ‘झालं असावं’ लिही, नाहीतर ते तपासणारा एखादा प्रयोग कर. आपण लिहिताना हे दिसतच नाही कारण डोक्यात सगळं आधीच जुळलेलं असतं, म्हणून तर दुसऱ्याने वाचायचं.

प्रत्येक शेरा वहीत उतरव पण स्वतःच्या शब्दांत, सरांचा सूर गाळून, आणि समोर काय करणार ते लिही. जो पटत नाही तिथे का पटत नाही ते लिहून सरांकडे जा, वाद घाल, गाइड त्यासाठीच असतात. सगळंच पटलं असं म्हणणारे विद्यार्थी मला जरा संशयास्पद वाटतात.

ड्राफ्टवर मार्क नाहीयेत हे एक बरंय. रूथ बटलर या शिक्षण-मानसशास्त्राच्या संशोधक, त्यांनी १९८८ च्या अभ्यासात काही शाळकरी मुलांना नुसते मार्क दिले, काहींना नुसते शेरे, काहींना दोन्ही. नुसते शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं, दोन्ही मिळालेल्यांचं मात्र नुसत्या मार्कवाल्यांसारखंच राहिलं. तुझ्याकडे नुसते शेरेच आहेत, तेही फुकट.

सुरुवात पहिल्या पानापासून नको, थेट चौथं पान उघड. त्या पाचांतल्या दोन प्रश्नांची उत्तरं तरी तुझ्या रीडिंगच्या वहीत असणार, ते दोन आज संपव.