कोड सगळ्यांचा, नाव कुणाचं?

प्रश्न : नमस्कार मॅडम. संगणकातले दुबार फोटो शोधून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर मी आणि माझ्या दोन मित्रांनी लिहिलं आहे. पुढच्या महिन्यात ते ओपन सोर्स म्हणून खुलं करायचंय, पण नावावर गाडी अडली आहे. एकाला 'फोटोक्लीनर' हवंय, वाचताक्षणी काम कळतं म्हणून. दुसरा म्हणतो, एका गाजलेल्या फोटो-अ‍ॅपच्या नावाआधी 'ओपन' लावू. मला 'जुळं' आवडतं. कोड फुकटच द्यायचा, तर नावासाठी एवढं डोकं शिणवायचं कशाला? (कृपया माझं नाव छापू नये.)

उत्तर : नाव छापलेलं नाही. सॉफ्टवेअरला मात्र ही सवलत मिळणार नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गफलत तिथेच आहे. फुकट देता तो कोड. नाव त्यात येत नाही. ओपन सोर्सवाले सर्रास वापरतात त्या अपाची २.० लायसन्सचं, म्हणजे परवान्याचं, सहावं कलम वाचा. सॉफ्टवेअर मूळ कुणाचं हे सांगण्यापुरता अपवाद सोडला, तर ट्रेडमार्क वापरायची परवानगी या लायसन्सने मिळत नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. तुमचा कोड कुणीही उचलेल, बदलेल, विकेलही. ते चालेल. पण त्याने त्यात घोळ घालून ठेवला आणि नाव तुमचंच ठेवलं, तर शिव्या तुम्हाला. फायरफॉक्स ब्राउझरवरून तो बनवणारी मोझिला आणि लिनक्सची एक आवृत्ती चालवणारे डेबियनवाले यांचं २००६ मध्ये वाजलं ते याच मुद्द्यावर. नाव आणि चिन्ह वापरायचं तर आमच्या अटी पाळा, असं मोझिलाचं म्हणणं. डेबियनने तोच ब्राउझर 'आइसवीझल' या नावाने द्यायला सुरुवात केली, ते थेट २०१६ पर्यंत. कोडवरून तक्रार नव्हतीच.

'ओपन' लावायची कल्पना आजच सोडा. दुसऱ्याच्या नावाचा तुकडा पोटात घेऊन फिरणाऱ्या 'गेम' (Gaim) या मेसेंजरची गत आठवा. एओएल कंपनीच्या 'एआयएम' (AIM) या मेसेंजरची तीन अक्षरं त्याच्या नावात जशीच्या तशी होती. ट्रेडमार्कचा तगादा बरीच वर्षं चालला आणि २००७ मध्ये त्याचं 'पिजिन' झालं.

'फोटोक्लीनर'चं दुखणं वेगळं. निव्वळ काम सांगणारं नाव ट्रेडमार्क म्हणून राखणं अवघड, आणि शोधायला गेलं तर त्याच नावाची गर्दी. शिवाय उद्या व्हिडिओही तपासावेसे वाटले तर? 'एक्सबीएमसी' म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर, एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रावर व्हिडिओ-गाणी लावणारं सॉफ्टवेअर. पण एक्सबॉक्सवर ते चालेनासं होऊन वर्षं लोटली तरी नाव तेच. शेवटी २०१४ मध्ये 'कोडी' केलं.

राहिलं 'जुळं'. माझं मत त्यालाच. कामाची खूण आहे, पण कामाची पाटी नाही. अडचण रोमन लिपीची. 'ळ' तिथे टिकत नाही, आणि आपला 'जुना'तला ज 'जे'ने लिहायचा की 'झेड'ने, यावर तुमच्या तिघांतच जुंपेल. मराठी न येणाऱ्या पाचजणांना नाव फोनवर सांगा आणि टाइप करायला लावा. पाच तऱ्हा निघाल्या तर दुसरं शोधा. रोज टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, टाइप करायचं आहे ते.

मग नाव आधीच कुणाचं आहे का, ते बघा. इथे मी स्वतः पोळले आहे. आमच्या प्रकल्पाला तीन वर्षं झाल्यावर एका सद्गृहस्थांचं पत्र आलं, अगदी नम्र. त्याच नावाचं त्यांचं पॅकेज, म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअर, आमच्या आधीपासून होतं आणि दोन्ही एका मशीनवर बसवली की एकाची कमांड दुसऱ्याला पुसून टाकायची. चूक आमची. आम्ही नाव शोधलं ते फक्त आम्ही वापरत होतो त्या एकाच प्रोग्रामिंग भाषेच्या पॅकेजांत. नाव बदललं, पण सेटिंगच्या फाइलला आजही जुनंच आहे. बदललं तर लोकांचं चालतं काम मोडेल. लिब्रेऑफिस हे ऑफिसकामाचं सॉफ्टवेअर चालू असताना संगणकातल्या प्रोसेसची यादी उघडा, 'सॉफिस' (soffice) दिसेल. त्याच्या पूर्वजाच्या, स्टारऑफिसच्या जमान्यातलं ते नाव अजून निघालेलं नाही.

आणि फक्त कंपन्यांची नावं पाहून थांबू नका. आजचा फायरफॉक्स आधी 'फिनिक्स' होता. ते बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना आधी चालणारं सॉफ्टवेअर, बनवणाऱ्या एका कंपनीचं नाव निघालं, म्हणून २००३ मध्ये 'फायरबर्ड' केलं. त्यावर हरकत आली ती फायरबर्ड याच नावाच्या डेटाबेसवाल्यांची, म्हणजे ओपन सोर्सवाल्यांचीच.

आता तुम्ही न विचारलेलं. तुम्ही तिघं आहात. नाव कुणाच्या नावावर? नेटवर्कवरची ये-जा तपासणारं 'इथरियल' लिहिणाऱ्याने २००६ मध्ये नोकरी बदलली. कोड बरोबर नेता आला, ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला. तेच सॉफ्टवेअर आज 'वायरशार्क' म्हणून चालतं. डोमेन एकाच्या खात्यात, पॅकेज दुसऱ्याच्या, चिन्ह तिसऱ्याने काढलेलं, असं तुमचंही होणारच. तिघांपैकी कुणी बाहेर पडलं तर काय, ते चार ओळींत लिहून सह्या करा. मैत्री आहे तोवर हे दहा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : माझ्या सॉफ्टवेअरला मुलीचं नाव द्यायचंय. लोक हसतील का?

उत्तर : हसणार नाहीत. 'मायएसक्यूएल' या डेटाबेसच्या नावातलं 'माय' हे तो बनवणाऱ्या मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या मुलीचं नाव. २००८ मध्ये ते सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीकडे गेलं, २०१० मध्ये त्या कंपनीसकट ओरॅकल कंपनीकडे. विडेनियस यांनी तोच कोड घेऊन नवा डेटाबेस मांडला, 'मारियाडीबी'. मारिया ही त्यांची धाकटी. तुम्हाला मुली किती?