भाडेकरू ठेवला म्हणून महिन्याला दीड हजार जादा?

प्रश्न : नमस्कार. डोंबिवलीला सोसायटीत तळमजल्यावर आमचा वन बीएचके आहे, बिल येतं ३,८०० रुपये. लिफ्ट आम्ही कधी वापरत नाही तरी लिफ्टचे पैसे घेतात, आणि वरच्या थ्री बीएचकेवाल्यांना नि आम्हाला सर्व्हिस चार्जेस अगदी सारखेच. आता आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला आलो आणि घर भाड्याने दिलं तर नॉन-ऑक्युपन्सी म्हणून दर महिन्याला १,५०० रुपये वाढवलेत. सेक्रेटरी म्हणतात जनरल बॉडीत ठराव झालाय. हे बरोबर आहे का?
– एक वाचक

उत्तर : दीड हजार अजिबात बरोबर नाही, त्यामुळे आधी तेच बघू. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाहीत आणि हायकोर्टानेही हा आदेश उचलून धरलाय, त्यामुळे जनरल बॉडीने एकमताने ठराव केला तरी या मर्यादेच्या वर जाता येत नाही. आता हे १० टक्के कशाचे? बऱ्याच कमिट्या अख्ख्या बिलावर लावतात, तिथेच घोळ होतो. समजा तुमच्या ३,८०० मध्ये सर्व्हिस चार्जेस १,८००, लिफ्ट २००, प्रॉपर्टी टॅक्स ९००, पाणी ४०० आणि सिंकिंग फंड (इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचे पैसे) व रिपेअर फंड मिळून ५०० असतील, तर नॉन-ऑक्युपन्सी फक्त १,८०० वर, म्हणजे जास्तीत जास्त १८० रुपये. आणि घरात भाडेकरू न ठेवता मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण असं जवळचं माणूस राहत असेल तर तेही लागत नाहीत.

बाकी दोन गोष्टींत मात्र सोसायटीचं बरोबर आहे, वाईट वाटलं तरी सांगायला हवं. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, लिफ्टचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी समान भरायचा असं स्पष्ट आहे, मग कोणी वापरो न वापरो. सर्व्हिस चार्जेसही फ्लॅटमागे समान, कारण वॉचमनचा पगार, जिन्यातले दिवे, ऑडिट फी, स्टेशनरी हा खर्च तुमचं घर लहान म्हणून कमी होत नाही. मोठ्या फ्लॅटला जास्त पडतं ते दुसऱ्या रकान्यांत. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, रिपेअर फंड किमान ०.७५ टक्के (जमिनीची किंमत धरायची नाही), आणि पाणी नळांची संख्या नि साइज बघून. म्हणजे तुमच्या वन बीएचकेला या तिन्हीत थ्री बीएचकेपेक्षा कमी यायला हवं, ते येतंय का हे नक्की तपासा! फक्त एक, तुमची बिल्डिंग सोसायटी नसून अपार्टमेंट कायद्याखाली डिक्लेरेशन झालेली असेल तर हिशोबच वेगळा, तिथे खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याच्या (सामायिक जागेतल्या वाट्याच्या) टक्क्याप्रमाणे वाटतात. पुण्यात अशा बिल्डिंगी खूप आहेत, तेव्हा पुण्याच्या नातेवाइकांचं बिल बघून तुलना करत बसू नका.

बिलावर नुसतं 'मेंटेनन्स ३,८००' अशी एकच ओळ येत असेल तर माझा त्याला ठाम आक्षेप आहे, सभासदाला रकानेवार बिल मिळायलाच हवं. कमिटीला लेखी अर्ज द्या, रकानेवार हिशोब आणि त्या ठरावाची प्रत मागा, आणि अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर सही-शिक्का घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद घालून काही हाती लागत नाही. कागद दिलेच नाहीत तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, जादा वसुलीचा वाद मात्र सहकार न्यायालयात जातो.

तोवर बिल भरणं थांबवू नका हो, हे अगदी कळकळीने सांगते. रागाच्या भरात सगळंच थकवलं की व्याज चढतं, मग सोसायटी वसुली दाखल्यासाठी (थकबाकी वसूल करायच्या सरकारी हुकुमासाठी) अर्ज करते आणि खरी तक्रार तुमची असूनही थकबाकीदार तुम्ही ठरता. मूळ ३,८०० आणि नॉन-ऑक्युपन्सीचे जे नियमाने होतात तेवढे वेळेवर चेकने भरा, आणि उरलेली रक्कम मान्य नाही असं सोबतच्या पत्रात लिहा.