चार इंचांच्या आत म्हणजे ड्वार्फ?

प्रश्न : माझी माशांची टाकी दोन फुटी आहे. दुकानदार म्हणतो, रॅम, क्रिबेन्सिस, यलो लॅब आणि कॉन्व्हिक्ट हे चारही ‘ड्वार्फ सिक्लिड’, म्हणजे सिक्लिड या मत्स्यकुळातले बुटके मासे, कारण चार इंचांवर जात नाहीत. चारही जोड्या एकत्र ठेवू का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच ठेवू नका. ‘ड्वार्फ’ हा गट मासे पाळणाऱ्यांनी सोयीसाठी पाडलाय, शास्त्राच्या वर्गीकरणात तो नाही. साधारण १० सेंटिमीटर ही त्याची रूढ मर्यादा, आणि तुमच्या दुकानदाराने तीच धरली. पण दहा सेंटिमीटर कुणाचे, आणि कुठून कुठवर मोजलेले? विकायला ठेवलेलं पिल्लू दीड-दोन इंचांचं असतं. ऑस्कर या मोठ्या सिक्लिडचंही तेवढंच असतं आणि तो पुढे फूटभर होतो. म्हणून मोजायचा तो पूर्ण वाढलेला नर. तोही शेपूट सोडून, तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ॲपिस्टोग्रामा ककाटुओइडिस या आणखी एका ड्वार्फ सिक्लिडच्या नराच्या शेपटीला वर-खाली लांब टोकं फुटतात. ती धरली तर आकडा उगाच फुगतो. या मापाने क्रिबेन्सिसचा नर मर्यादेत बसतो, जांभळ्या पोटाची त्याची मादी तर सहजच. रॅमबद्दल वादच नाही : ओरिनोकोच्या खोऱ्यातला हा मासा जेमतेम दोन-अडीच इंचांचा.

यलो लॅब आणि कॉन्व्हिक्ट मापाने काठावर येतात, तरी मी त्यांना ड्वार्फ म्हणत नाही. माझ्या लेखी लांबीइतकंच महत्त्व माशाला किती जागा लागते याला आहे. कॉन्व्हिक्टच्या जोडीने अंडी घातली की दोन फुटी टाकीत दुसऱ्या माशाला थारा राहत नाही. यलो लॅब मलावी सरोवरातला, खडकांत राहणारा. त्याला मोठी टाकी आणि सोबतीला गोतावळा हवा. याउलट टांगानिका सरोवरातला मल्टिफॅसिएटस गोगलगायीच्या रिकाम्या शंखांत संसार थाटतो, नरही दोन इंचांच्या आसपासच, आणि शंखाभोवतीची वीतभर वाळू त्याला पुरते. ड्वार्फ म्हणावं तर त्याला!

ड्वार्फच्या यादीत सहसा न दिसणारा एक आपल्याकडचा मासाही सांगतो. भारतात देशी सिक्लिड तीनच. त्यातला केरळ आणि श्रीलंकेत सापडणारा ऑरेंज क्रोमाइड तीन इंचांचा, म्हणजे मापाने ड्वार्फच. गोव्यात आवडीने खातात ते कालुंदर त्याचं भावंड, पण ते फूटभर वाढतं.

तुमच्या टाकीत क्रिबेन्सिसची एकच जोडी सोडा. रॅमला २८ अंशांच्या आसपासचं पाणी मानवतं, क्रिबेन्सिसला २५ पुरतं; शिवाय दोघंही तळाची जागा राखणारे, त्यामुळे एवढ्या टाकीत एकत्र नकोत. तळाला बारीक वाळू घाला आणि नारळाची करवंटी कडेला मादी जेमतेम शिरेल एवढं भोक पाडून पालथी ठेवा. अंडी ती आतून छताला चिकटवते.