खुणांनी दिलेला जबाब

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आशा कार्यकर्ती आहे. गावातली एक तरुणी जन्मापासून बहिरी, शाळेत न गेलेली, घरच्याच खुणांनी बोलणारी. तिच्यावर अत्याचार झाला तेव्हा ‘खुणा समजणारं माणूस घेऊन या’ असं ठाण्यात सांगितलं, त्यात दोन दिवस गेले. पुन्हा अशी वेळ आली तर काय करावं?

उत्तर : ताई, ते माणूस आणणं पोलिसांचं काम आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार अपंग पीडितेची फिर्याद तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, दुभाषी अथवा विशेष शिक्षकासमोर घ्यायची आणि तिचं चित्रण करायचं. घटना महाराष्ट्रातल्या चंदगडच्या हद्दीत घडली असली तरी खानापुरात फिर्याद घ्यावीच लागते.

आधी दवाखाना. एफआयआरसाठी थांबू नका; सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि लगेच द्यावे लागतात. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. तपासणीआधी तिला अंघोळ घालू नका. कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते, बुरशी येते, नमुना वाया जातो.

खरी गफलत जबाबात होते. घरच्या खुणा प्रशिक्षित दुभाष्यालाही पटकन कळत नाहीत, म्हणून आई सांगते आणि तेवढंच कागदावर येतं. मग कोर्टात ‘आईनं पढवलं’ असा आरोप होतो. दुभाष्यासोबत तिच्या खुणा ओळखणारं, नात्याबाहेरचं कुणी असेल तर बसवा. खूण दिसली तशी लिहायला सांगा : ‘डाव्या मनगटावर दोन बोटं गोल फिरवली’. ‘घड्याळवाला’ हा अर्थ त्यापुढे वेगळा लिहावा. कॅमेऱ्यात तिचे हात आणि चेहरा दोन्ही दिसायला हवेत. बरेचदा दुभाष्याचंच तोंड दिसतं! आणि घरच्यांनी, शेजाऱ्यांनी तिला पुन्हा पुन्हा विचारू नये, तिला त्याचा त्रास होतोच, शिवाय दर वेळी तपशील थोडा हलतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण. कागद कन्नडमध्ये होतो. मराठीत वाचून दाखवल्याशिवाय आणि तिला खुणांनी समजावल्याशिवाय तिचा अंगठा घेऊ देऊ नका. एफआयआरची प्रत मोफत मिळते. फिर्याद घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. मोफत वकिलासाठी १५१०० या नंबरवर फोन लावा.

गावात ‘मिटवून टाका’ म्हणतील. बलात्काराचा गुन्हा कायद्यानं तडजोडीत मिटत नाही, हे त्यांना तिथल्या तिथे सांगा.