पोपटाला कोरफड देऊ का?

प्रश्न: आमचा कॉकाटील पिसं उपटतोय, शेजारच्या काकू म्हणतात कुंडीतली कोरफड खायला घाल. घालू का? (एक वाचक, नेरूळ)

उत्तर: अहो, पान तोडून तसंच पिंजऱ्यात टाकू नका हां! सालीखालच्या पिवळ्या कडू चिकात अ‍ॅलोइन असतं, त्याने जुलाब होतात, आणि हा जीव जेमतेम १०० ग्रॅमचा, त्याला किती सोसणार? द्यायचीच तर पान उभं ठेवून चीक निथळू द्या, धुवा, साल काढा आणि फक्त पारदर्शक गर हरभऱ्याएवढा, तोही कधीतरीच. बाटलीतला ज्यूस नकोच. पण पिसं उपटणं कंटाळ्यानेही होतं नाहीतर आजारानेही, तेव्हा आधी पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवा, काकूंना नंतर. (आपला हिरवा देशी पोपट असता तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पाळताच आला नसता, बरं का.)