फायनल फँटसी टेन संपवलाय, आता टेन-टू खेळू का? असे स्पिन-ऑफ सिक्वेल खरंच निराश करतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टेन नुकताच संपला, शेवट अजून मनातून जात नाही, आणि एचडी रीमास्टरच्या संचात टेन-टू आयताच समोर आहे. पण जो तो सांगतोय की तो खेळलात तर टेनची आठवण बिघडेल. मग त्याच्या वाटेला जावं का?

जावं. पण लगेच नको, आणि दोन-तीन गोष्टी आधी माहीत करून घेऊन. (ज्यांनी टेन संपवलेला नाही त्यांनी पुढे वाचू नये, शेवट उघड होतो.)

लढाईची पद्धत बदलली की चाहते रुसतात, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पर्सोना ५ चा सिक्वेल पर्सोना ५ स्ट्रायकर्स (जपानमध्ये २०२०) बघा. पाळीपाळीची लढाई सोडून त्यात शत्रूंच्या झुंडीच्या झुंडी झोडपायच्या आहेत. कॅलेंडरचा, म्हणजे ठरावीक दिवसांत काम उरकण्याचा, धाक नाही. तुरुंगातून (जिथे लढायचं ती जागा) कधीही बाहेर पडा, एचपी आणि एसपी (जीव आणि मंत्रांची ताकद) भरून मिळतं, दिवस वाया जात नाही. एवढं सगळं बदलूनही पर्सोना ५ आवडलेल्यांनी तो आपला मानला. कारण त्यात तीच टोळी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा भेटते आणि मूळ कथेने जे संपवलं ते संपलेलंच राहतं. ड्रॅगन क्वेस्ट बिल्डर्स तर आणखी लांब गेला. पहिल्या ड्रॅगन क्वेस्टमध्ये ड्रॅगनलॉर्ड नायकाला अर्धं जग देऊ करतो. नायक 'हो' म्हणाला असता तर काय झालं असतं, तिथून हा गेम सुरू होतो आणि तुम्ही ठोकळे रचून उजाड गावं पुन्हा उभी करता. मूळ गेमला त्याने कुठे धक्का लागत नाही, कारण ही फांदी वेगळी आहे हे पहिल्या मिनिटालाच कळतं.

मन दुखावतं ते दुसऱ्याच दोन कारणांनी. एक, मूळ गेमने मोठी किंमत मोजून जे मिळवलं ते सिक्वेल परत हिसकावतो. दोन, ज्या पात्रांवर आपला जीव जडला ती सोबत असतात खरी, पण नुसती शोभेपुरती.

दुसऱ्याचं उदाहरण आधी देतो, ते सोपं आहे. टेल्स ऑफ सिम्फोनिया: डॉन ऑफ द न्यू वर्ल्ड (२००८, निन्टेंडो वीसाठी). नायक नवा, एमिल. त्याच्या लेखी लॉइड, म्हणजे मूळ गेमचा नायक, हा खुनी. ही सुरुवात धाडसी आहे, मला ती चुकीची वाटत नाही. चूक पुढे आहे. जुनी मंडळी पथकात येतात, पण लढून त्यांची लेव्हल वाढत नाही, कथा पुढे सरकेल तशी ती ठरावीक आकड्यावर बसवली जाते. अनुभव मिळतो तो एमिल, मार्टा आणि तुम्ही पकडलेल्या राक्षसांना. म्हणजे ज्या छोट्या मांत्रिक जीनिसला तुम्ही मूळ गेममध्ये एकेक मंत्र शिकवत मोठं केलं, त्याला पथकात घेणं इथे तोट्याचं ठरतं. आकड्यांचा साधा नियम, पण पहिल्या गेमच्या प्रेमाला तो थेट लागतो. टेल्स ऑफ झिलिया २ मध्ये पात्रांना न्याय मिळाला, तर तिथे २ कोटी गाल्डचं (गेममधलं चलन) कर्ज आडवं आलं. हप्ता भरल्याशिवाय पुढची वाट उघडत नाही, आणि तो भरण्यासाठी पहिल्या झिलियात पालथे घातलेले तेच नकाशे पुन्हा तुडवायचे. नायक लुडगरची गोष्ट इतकी चांगली आहे की त्या हप्त्यांचा आणखीच राग येतो.

पहिल्या कारणाचं मोठं उदाहरण क्रोनो क्रॉस (१९९९). क्रोनो ट्रिगरने (१९९५) जग वाचवून सगळ्यांना हसत घरी पाठवलं होतं. क्रॉस त्या आनंदाची किंमत कोणी भरली हे विचारतो. विचार म्हणून तो अस्सल आहे, आणि मासातो कातो दोन्ही गेमच्या लेखनात होते, त्यामुळे परक्याने केलेली मोडतोड असंही म्हणता येत नाही. पण ट्रिगरच्या मंडळींचं काय झालं हे प्रसंगांतून फारसं दिसत नाही. ते बरंचसं उशिरा, लांबलचक संवादांतून कानावर येतं. घरातल्या माणसाची वाईट बातमी तिसऱ्याकडून कळावी तसं होतं.

क्रॉस खेळणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर खरा शेवट हातचा जाईल. शेवटच्या लढाईत टाइम डिव्हाउरर या अंतिम शत्रूला नुसता मारून चालत नाही. एलिमेंट्स, म्हणजे या गेममधले रंगवार मंत्र, पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, पांढरा या क्रमाने वापरायचे आणि लगेच सातवा क्रोनो क्रॉस. अडचण अशी की शत्रूने वापरलेला एलिमेंटही या क्रमात धरला जातो. तुमचे चार रंग बरोबर लागले आणि त्याने मध्येच लाल टाकला की साखळी तुटली, पुन्हा पिवळ्यापासून सुरुवात. म्हणून प्रत्येक रंगाचे बरेच एलिमेंट खालच्या पातळ्यांवर भरून ठेवा, कारण एक एलिमेंट एका लढाईत एकदाच वापरता येतो. त्याच्या चालींवर नजर ठेवा. त्याचा रंग तुमच्या पुढच्या रंगाशी जुळला तर तो तुमच्याच कामी येतो.

आता तुमचा टेन-टू (२००३).

पहिल्या तासात बहुतेक जण तो सोडतात, आणि का ते समजतं. टेनच्या शेवटी नायक टायडस विरून गेलाय, त्याची प्रेयसी युनाने लुकाच्या मैदानात सगळ्यांसमोर उभं राहून 'गेलेल्यांना विसरू नका' म्हटलंय, आणि हा गेम उघडतो तो रोषणाईत, गाण्याच्या कार्यक्रमाने. टेनच्या शेवटावरून तडक इथे आलात तर ठेच लागणारच. म्हणून मध्ये निदान एखादा दुसरा गेम खेळा. आणि सुरू केल्यावर एक लक्षात ठेवा: ही मुलगी यात्रेच्या शेवटी मरायचं आहे हे गृहीत धरून वाढली होती. सिन हा टेनमधला महाराक्षस गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा उद्या काय करायचं हे तिला स्वतः ठरवता येतंय. तिचं हसणं-बागडणं त्यातून आलंय. गेमने हे सुरुवातीलाच नीट दाखवायला हवं होतं, पण ते कळायला दुसरं-तिसरं प्रकरण उजाडतं.

टायडस परत येतो का? तो शेवट टेन-टू तुमच्यावर लादत नाही, आणि ही मला त्यातली सगळ्यात समंजस गोष्ट वाटते. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस युना फारप्लेनमध्ये, म्हणजे मृतांच्या जगात, एकटी पडते. तिथे प्लेस्टेशनचं एक्स बटण दाबत राहा, चार वेळा शिट्टी ऐकू येईपर्यंत. मग पाचव्या प्रकरणाच्या शेवटी, लढाई संपल्यावर, फारप्लेनमधल्या फुलांच्या पठारावर पुन्हा एक्स दाबा आणि विचारलं की 'हो' म्हणा. हे केलंत तर तो परततो. नाही केलंत तर युना मैत्रिणींसोबत पुढे निघून जाते आणि टेनचा शेवट होता तसाच राहतो. आठवण बिघडेल ही धास्ती असेल तर शिट्टीच्या वेळी बटणावरून बोट उचला, एवढंच.

१०० टक्के पूर्ण केल्यावर झनारकँडमधला एक जादा प्रसंग मिळतो, पण पहिल्या फेरीत त्याच्या मागे लागू नका. टक्के बारीकसारीक गोष्टींवर मिळतात. म्हातारा माएचेन बोलायला लागला की मध्ये न तोडता शेवटपर्यंत ऐकणं हीसुद्धा त्यातली एक. न्यू गेम प्लसमध्ये (गेम संपवून पुन्हा सुरू केल्यावर) टक्के आणि ड्रेसस्फिअर (लढाईतले वेष) पुढे जातात, लेव्हल मात्र १ वर येते, म्हणून राहिलेलं दुसऱ्या फेरीत भरून काढता येतं. पहिल्या फेरीत एवढी सवय पुरे: नकाशावर हॉटस्पॉट म्हणून दाखवलेल्या जागी गेलं की कथा पुढे सरकते, तेव्हा प्रत्येक प्रकरणात आधी बाकीची सगळी ठिकाणं फिरून घ्या.

लढाई मात्र टेनपेक्षा सरस आहे, हे मी बिनदिक्कत म्हणेन. टेनमध्ये तुम्ही विचार करेपर्यंत शत्रू थांबून राहायचा, इथे वेळ चालू असतो. सवय नसेल तर कॉन्फिगमध्ये 'वेट' निवडा, म्हणजे मंत्रांची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत घड्याळ थांबतं. लढाई चालू असताना वेष बदलता येतो, पण गारमेंट ग्रिडवर (वेष मांडायचा खणांचा पट) आत्ताच्या खणाला जोडलेल्या खणातच उडी मारता येते. नवे खेळाडू एकतर वेष बदलतच नाहीत, किंवा सारखे बदलतात आणि मग एपी (कला शिकायचे गुण) विखुरले जाऊन कुठलीच कला पूर्ण शिकून होत नाही. प्रत्येकीला दोनच वेष पक्के करा आणि शिकायची कला मेनूतून स्वतः निवडा. अल्केमिस्ट हा वेष हाती लागला की त्याचं मेगा-पोशन आधी शिका. एकदा शिकलं की पिशवीतला साठा न खर्चता तिघींना बरं करता येतं, आणि अर्ध्याहून अधिक बॉस तेवढ्यावर सोपे जातात.

किंगडम हार्ट्सच्या चेन ऑफ मेमरीजबद्दलही (२००४) तुम्ही जाता जाता विचारलंय. तो नावालाच स्पिन-ऑफ आहे, वगळू नका. तो न खेळता किंगडम हार्ट्सच्या दुसऱ्या भागात शिरलं की नायक सोरा झोपलेला का, नामिने कोण, यातलं काही उमगत नाही. पत्त्यांच्या लढाईत मोठा आकडा लहान आकडा तोडतो. शून्याचा पत्ता समोरच्याने टाकल्यावर टाकला तर काहीही तोडतो, आधी टाकला तर कशानेही तुटतो. म्हणून दोन-तीन शून्य राखून ठेवा आणि बॉसने तीन पत्त्यांचा स्लाइट (पत्ते जोडून केलेला एकत्र वार) उघडला की मारा. स्वतः स्लाइट वापरताना जपून, त्यातला पहिला पत्ता त्या लढाईपुरता जातो, रीलोड केला तरी परत येत नाही.

टेन-टूमध्ये तिसरं प्रकरण संपत आलं की वेगळ्या जागी एक सेव्ह करून ठेवा. शिट्टीबद्दल मन बदललं तर तिथून परत सुरू करता येईल.